मार्सेयला पहिल्यांदा जाताय? आधी वारा बघा

युरोप सहलीच्या मराठी यादीत फ्रान्स म्हणजे पॅरिस, आणि तिथून थेट स्वित्झर्लंडची गाडी. दक्षिणेला भूमध्य समुद्राच्या काठावरचं मार्सेय त्यात क्वचितच येतं. खरं तर लोकसंख्येने ते फ्रान्समधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर आहे आणि वयाने सगळ्यांत थोरलं. इ. स. पू. ६०० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या फोसिआ बंदरातून आलेल्या ग्रीक दर्यावर्दींनी ते वसवलं. सावरकरांच्या चरित्रात आपण ज्याला ‘मार्सेलिस’ म्हणून वाचलं, तेच हे शहर.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: तारखेवार कार्यक्रम आखून इथे जाऊ नका. या शहराची सगळ्यांत सुंदर ठिकाणं समुद्रात किंवा समुद्रालगतच्या डोंगरांत आहेत. ती उघडी राहणार की बंद, हे वारा आणि वणव्याचा धोका ठरवतो. म्हणून आधी हवामान पाहायचं आणि मग दिवस वाटायचे. निवांत पाहायचं तर चार दिवस हवेत. तीन दिवसांतही बरंच होतं, पण एक दिवसाची धावती भेट नको. तेवढ्यात बंदर आणि टेकडीवरचं चर्च होईल, पण शहर हाती लागणार नाही.

निघण्याआधी

शेंगेन व्हिसा लागतो. मुक्काम सगळ्यात जास्त फ्रान्समध्ये असेल तर फ्रान्सच्या व्हिसासाठीच अर्ज करा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, त्यामुळे मे महिन्याच्या सहलीची कागदपत्रं जानेवारी-फेब्रुवारीतच तयार ठेवा. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे.

मुंबईहून सोयीचा मार्ग म्हणजे पॅरिसपर्यंत विमान आणि पुढे टीजीव्ही ही वेगवान रेल्वे. पॅरिस शहरातल्या गार द लिओं स्टेशनवरून मार्सेय साधारण सव्वातीन तासांवर आहे. शार्ल द गोल विमानतळाच्या स्टेशनवरूनही थेट गाड्या सुटतात, त्यामुळे सामान घेऊन पॅरिस ओलांडावं लागत नाही. विमान उशिरा पोचण्याची शक्यता धरून मध्ये तीन-चार तास मोकळे ठेवा. स्वस्त तिकिटं बहुधा बदलता येत नाहीत. रेल्वेचं आरक्षण जितकं लवकर कराल तितकं स्वस्त पडतं.

मोसमाचं बोलायचं तर मे, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, गर्दी भरपूर आणि वणव्यांमुळे डोंगर वारंवार बंद. ८ जुलै २०२५ ला शहराच्या वेशीवर लागलेली आग उत्तरेकडच्या वस्तीपर्यंत आली होती आणि विमानतळही बंद ठेवावा लागला होता. शाळेच्या सुट्ट्यांमुळे आपल्याकडच्यांना मे महिना जमतो, आणि तो इथे फार छान असतो.

मुक्काम जुन्या बंदराच्या आसपास, कास्तेलान चौकाजवळ किंवा जोलिएत भागात घ्या. सें-शार्ल स्टेशनला अगदी खेटून असलेली स्वस्त हॉटेलं एका रात्रीपुरती ठीक आहेत. कुटुंबासह चार दिवस राहायचं असेल तर बंदराच्या बाजूला थोडे पैसे जास्त गेलेले परवडतात, कारण जवळपास प्रत्येक बस, बोट आणि मेट्रो तिथूनच पकडायची असते.

पहिली पायरी: मिस्त्राल ओळखा

ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून वायव्येकडून येणाऱ्या कोरड्या, गार वाऱ्याला इथे मिस्त्राल म्हणतात. तो सुटला की आकाश लख्ख निळं होतं, लांबचे डोंगर जवळ आल्यासारखे दिसतात आणि फोटो अप्रतिम येतात. पण समुद्र खवळतो आणि बेटांच्या बोटी रद्द होतात. सलग दोन-तीन दिवस तो वाहू शकतो, आणि मे महिन्यातही त्यात जॅकेट लागतं.

तेव्हा पोचल्या दिवशीच पुढच्या तीन-चार दिवसांचा वाऱ्याचा अंदाज पाहा. सगळ्यांत शांत दिवस बेटांना द्या. कालांक या समुद्रकाठच्या कड्यांमधल्या डोंगरवाटांना बिनवाऱ्याचा आणि सौम्य उन्हाचा दिवस ठेवा. मिस्त्रालचा दिवस संग्रहालयं, जुनी गल्ली आणि चर्च यांत घालवा. पुढे लिहिलेला क्रम माझ्या सोयीचा आहे, तो हवा पाहून बिनधास्त उलटापालटा करा.

बंदरापासून सुरुवात

सें-शार्ल स्टेशनातून बाहेर पडताच समोर भव्य दगडी जिना आहे, १०४ पायऱ्यांचा. वरून शहर आणि पलीकडच्या टेकडीवरचं चर्च दिसतं. सामान जड असेल तर जिन्याच्या वाटेला न जाता स्टेशनातूनच मेट्रो घ्या. एम-१ मार्गिकेवर तिथून दुसरं स्टेशन व्यू-पोर, म्हणजे जुनं बंदर.

ग्रीकांनी गलबतं लावली ती हीच खाडी. तीन बाजूंनी शहर, चौथीकडे दोन किल्ल्यांमधलं तोंड. उजव्या हाताला सें-जाँ, डाव्या हाताला सें-निकोला. बंदराच्या मधल्या धक्क्यावर रोज सकाळी मासळीबाजार भरतो. आपल्या ससून डॉकच्या मानाने तो चिमुकला आहे, मोजक्याच टेबलांचा, पण मासे त्याच पहाटे होडीतून आलेले असतात आणि विकणाऱ्या बायकांचा आवाज बंदरभर घुमतो. नऊच्या सुमारास जा, दुपारपर्यंत सगळं आवरलेलं असतं. शेजारीच वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी २०१३ मध्ये उभारलेलं चकचकीत पोलादी छत आहे. त्याखाली उभं राहून वर पाहिलं की अख्खा धक्का उलटा चालताना दिसतो. मुलांना तिथून हलवणं कठीण जातं.

बंदरापासून पाच मिनिटांवर, एका शॉपिंग सेंटरच्या पोटात, शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. १९६७ मध्ये त्या इमारतीच्या पायाचं खोदकाम चालू असताना ग्रीक तटबंदी आणि रोमन बंदराचा धक्का सापडला. तो भाग आता बागेसारखा उघडा ठेवलाय. समुद्र तेव्हा कुठवर होता आणि आता कुठे आहे, हे तिथे उभं राहिल्याशिवाय नीट कळत नाही. महापालिकेच्या संग्रहालयांत कायमस्वरूपी दालनं विनामूल्य आहेत आणि सोमवारी ती बंद असतात.

तिथून उत्तरेच्या चढावर ल पानिए ही सगळ्यांत जुनी वस्ती. अरुंद गल्ल्या, खिडक्यांबाहेर वाळणारे कपडे, रंगवलेल्या भिंती. फोटोंसाठी लोक इथे गर्दी करतात. पण या वस्तीचा खालचा, बंदराला लागलेला भाग सलग आणि नव्या धाटणीचा का दिसतो, हे माहीत करून मगच फिरा. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या मदतीने इथल्या वीस हजारांहून जास्त रहिवाशांना घराबाहेर काढलं. फेब्रुवारीत सुमारे दीड हजार इमारती सुरुंग लावून पाडल्या. शेकडो ज्यू कुटुंबं पकडून मृत्यूछावण्यांकडे धाडली गेली. आज बंदराकाठी ज्या एकसारख्या इमारतींखाली आपण कॉफी पितो, त्या युद्धानंतर त्या मोकळ्या झालेल्या जागेवर उभ्या राहिल्या आहेत. नगरपालिकेची सतराव्या शतकातली इमारत तेवढी मधोमध वाचली.

पानिएच्या माथ्यावर व्हिएय शारिते आहे. बेघर आणि गरीब लोकांना कोंडून ठेवण्यासाठी सतराव्या शतकात बांधायला घेतलेली ही वास्तू मार्सेयचाच शिल्पकार-स्थापती पिएर प्युजे याने रचली. गुलाबी झाक असलेल्या दगडातल्या तीन मजली कमानी आणि मध्ये लंबगोल घुमटाचं प्रार्थनाघर. माझ्या मते शहरातली सगळ्यांत देखणी वास्तू हीच. दुपारी ऊन तिरपं झालं की कमानींच्या सावल्या अंगणभर पसरतात. घाई करू नका, अर्धा तास नुसतं बसा.

खाली उतरताना पट्ट्यापट्ट्यांचं ला माजोर कॅथीड्रल लागतं. आत एक फेरी पुरे. पुढे समुद्राला लागून म्युसेम, युरोप आणि भूमध्य प्रदेशाच्या संस्कृतींचं संग्रहालय. रुडी रिचोती यांनी रचलेली ही इमारत जून २०१३ मध्ये खुली झाली. काळ्या काँक्रीटच्या जाळीतून आत ऊन झिरपतं आणि त्या जाळीमागच्या उतारावरून चालत थेट गच्चीवर जाता येतं. गच्चीवरून एक अरुंद पूल समुद्रावरून सें-जाँ किल्ल्यात उतरतो. प्रदर्शनं पाहायची नसतील तर तिकीट लागत नाही. गच्ची, पूल, किल्ल्याची तटबंदी, तिथल्या बागा, सगळं फुकट. म्युसेम मंगळवारी बंद असतं, तेव्हा सोमवार-मंगळवारची आखणी करताना हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी टेकडीवर

नोत्र-दाम द ला गार्द हे मेरीचं चर्च शहराच्या कुठूनही दिसतं. लोक तिला ‘बॉन मेर’, म्हणजे चांगली आई, म्हणतात. धर्म कोणताही असो, इथला माणूस तिचं नाव घेतोच. सुमारे दीडशे मीटर उंच टेकडीवरचं हे चर्च १८६४ मध्ये पवित्र करण्यात आलं आणि मनोऱ्यावरची सोनेरी मेरी, अकरा मीटरांहून उंच, १८७० मध्ये बसली. चढ खडा आहे. बरोबर वडीलधारी मंडळी असतील तर बंदरावरून ६० क्रमांकाची बस वरपर्यंत नेते. येताना पायी उतरा. प्रवेशाला पैसे नाहीत.

आत शिरल्यावर आधी भिंती वाचा. वादळातून वाचलेल्या खलाशांनी, आजारातून उठलेल्यांनी, युद्धावरून परतलेल्यांनी लावलेल्या कृतज्ञतेच्या संगमरवरी पाट्या आणि चित्रं भिंतभर आहेत. वर छतातून जहाजांची छोटी नमुना-गलबतं टांगलेली आहेत. आपल्याकडे नवस फेडणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्या भिंतींवर ऑगस्ट १९४४ च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, पण चर्चचे दरवाजे त्याआधी बंद होतात. आधी आतून पाहा, मग कठड्यावर थांबा. समोर समुद्र, त्यात चार पांढरी बेटं आणि मागे चुनखडीचे डोंगर दिसतात. उद्या कुठे जायचं आहे, ते सगळं तिथून एका नजरेत येतं.

बेटांचा दिवस

शांत हवेच्या दिवशी जुन्या बंदरातूनच बोट घ्या. पहिला थांबा शातो दीफ, म्हणजे इफ बेटावरचा किल्ला, साधारण वीस मिनिटांवर. पुढे फ्रिउल बेटं. दोन्हींचं एकत्र तिकीट काढा आणि सकाळची पहिली बोट पकडा. वारा वाढला तर इफच्या अरुंद धक्क्याला बोट लागत नाही आणि थेट फ्रिउलला नेतात. खिडकीवर तिकीट काढतानाच ‘आज इफ उघडा आहे का’ हे विचारून घ्या.

राजा पहिला फ्रान्स्वा याने १५२४ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. पुढे तो तुरुंग झाला आणि अलेक्झांडर द्यूमाच्या काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो या कादंबरीने जगभर पोचला. तिच्या काल्पनिक नायकाची कोठडीसुद्धा तिथे दाखवतात. पण मराठी-कोकणी पाहुण्याने या खडकावर एक वेगळी गोष्ट आठवावी. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. तो गोव्याला आला आणि जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने लिस्बनला निघाला. शेकडो वर्षांत युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. त्याच्या वर्णनावरून जर्मन चित्रकार ड्यूररने केलेलं लाकडी ठशाचं चित्र आजही सगळीकडे छापलं जातं. पोर्तुगालच्या राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला, आणि वाटेत, १५१६ च्या जानेवारीत, जहाज मार्सेयसमोरच्या याच बेटावर थांबलं. फ्रान्सचा राजा खास तो पाहायला इथे आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला तो बिचारा जीवही गेला.

फ्रिउलवर दोन बेटं एका बांधाने जोडलेली आहेत. झाड जवळपास नाही, सावली नाही. पांढरा खडक, सीगल आणि पारदर्शक पाणी. टोपी, पाणी आणि खाणं बरोबर न्या. सें-एस्तेव्ह या छोट्या वाळूच्या किनाऱ्यावर मुलांना पोहता येतं. एप्रिल-मेमध्ये सीगलची पिल्लं असतात, तेव्हा घरट्यांजवळ जाऊ नका, ते डोक्यावर झेपावतात.

ही बेटं शतकानुशतकं रोगराईच्या पहाऱ्याची जागा होती. बाहेरून आलेली जहाजं आणि माणसं इथे अडवून ठेवत. मे १७२० मध्ये पूर्वेकडून आलेल्या ग्रां-सें-आंत्वान जहाजावर प्लेग होता. किमती कापड बाजाराला वेळेवर पोचावं म्हणून नियम सैल केले गेले आणि रोग शहरात शिरला. नव्वद हजारांच्या शहरातली जवळपास निम्मी माणसं दगावली. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगच्या कथा ज्या घरांत सांगितल्या जातात, त्यांनी फ्रिउलच्याच रातोनो बेटावरच्या जुन्या विलगीकरण रुग्णालयाच्या भिंतींपर्यंत चालत जरूर जावं.

कालांक: डोंगर आणि समुद्राची भेट

शहराच्या दक्षिणेला चुनखडीचे कडे थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्यामध्ये निळ्या-हिरव्या पाण्याच्या अरुंद खाड्या शिरतात. त्यांनाच कालांक म्हणतात. २०१२ पासून हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. इथली तयारी पायरीपायरीनेच करा.

आधी परवानगी. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात वणव्याच्या धोक्याप्रमाणे रोज रंग जाहीर होतो. लाल रंग असेल तर डोंगरात प्रवेशच नाही. आदल्या संध्याकाळी उद्यानाच्या अधिकृत ॲपवर पाहून मगच ठरवा. सुजितों या लाडक्या कालांकला उन्हाळ्यात आगाऊ नोंदणी लागते. ती विनामूल्य आहे, पण दिवसाला ठरावीकच लोकांना मिळते. क्यूआर कोड तपासणारे रक्षक वाटेवर असतात. गर्दीच्या पावलांनी माती धुपून पाइनची मुळं उघडी पडली होती, म्हणून हा नियम आला आणि तो मनापासून पाळावा असा आहे.

मग वाट. कास्तेलानवरून बी-१ बस लुमिनीच्या विद्यापीठापर्यंत जाते. तिथून सुजितोंच्या माथ्यावरचं निरीक्षणस्थळ अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि वाट रुंद, सोपी. ज्यांना खाली पाण्यापर्यंत उतरणं जमणार नाही, त्यांनी इथपर्यंत जाऊन परतलं तरी दिवस सार्थकी लागतो. खाली उतरायचं तर चांगल्या पकडीचे बूट हवेत. हजारो पावलांनी घासलेला चुनखडीचा दगड कोरडा असतानाही घसरतो. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी विशेष जपा. बेसॉल्टवर बसलेला पायाचा अंदाज इथे फसतो. माणशी दोन लिटर पाणी घ्या. वाटेत नळ नाही, टपरी नाही, कचरापेटीही नाही. सिगारेट, स्टोव्ह, उदबत्ती, कुठलीही आग चालत नाही.

चालणं झेपत नसेल तर जुन्या बंदरातून किंवा शेजारच्या कासी गावातून बोटीची फेरी घ्या. आणि याच कड्यांच्या पोटात, समुद्राखाली ३७ मीटरवर तोंड असलेली कोस्केर गुहा आहे. हिमयुगातल्या माणसांनी तिच्यात घोडे, हाताचे ठसे आणि समुद्रपक्षी रंगवले. तेव्हा समुद्र खूप खाली आणि किनारा मैलोगणती पुढे होता. खऱ्या गुहेत पर्यटकांना जाता येत नाही. तिची हुबेहूब प्रतिकृती म्युसेमशेजारी २०२२ पासून पाहता येते. मिस्त्रालच्या दिवशी तिथे जा, आणि वेळ आगाऊ राखून ठेवा.

आपल्यासाठी दोन जागा

हे कुठल्या फ्रेंच पर्यटन पत्रकात ठळक सापडणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईची बोट मार्सेयला लागू लागली. लंडनला जाणारे अनेक प्रवासी इथेच उतरत आणि रेल्वेने पुढे जात, कारण जिब्राल्टरला वळसा घालून जाणाऱ्या बोटीपेक्षा ते बरेच दिवस आधी पोचत. मुंबईच्या कितीतरी बॅरिस्टर, डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचं युरोपच्या भूमीवरचं पहिलं पाऊल इथलं. ११ सप्टेंबर १९३१ ला गोलमेज परिषदेसाठी निघालेले गांधीजीही ‘राजपुताना’ बोटीने इथेच उतरले.

त्याआधी २१ वर्षांपूर्वी, ८ जुलै १९१० च्या सकाळी, कैदी म्हणून हिंदुस्थानात नेले जात असलेले विनायक दामोदर सावरकर ‘मोरिया’ बोटीच्या शौचकुपातल्या गोल खिडकीतून समुद्रात उतरले आणि पोहत मार्सेयच्या धक्क्याला लागले. फ्रेंच भूमीवर पोचलेल्या राजकीय कैद्याला आश्रय मिळेल ही अपेक्षा होती. पण फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं. त्यावर फ्रान्समध्ये गदारोळ उठला आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला: हवाली करण्यात चूक झाली असली तरी कैद्याला परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गांत हा खटला आजही शिकवला जातो.

हे पाहायला नेमकं कुठे जायचं? मोठ्या बोटींचा धंदा एकोणिसाव्या शतकातच जुन्या बंदरातून उत्तरेला जोलिएत आणि त्यापलीकडच्या गोद्यांकडे गेला होता. तेव्हा सावरकरांसाठी जुन्या बंदराकाठी हळवे होऊ नका, एम-२ मेट्रोने जोलिएतला जा. गोद्यांच्या आवारात प्रवेश नाही, तो चालू बंदराचा भाग आहे आणि कॉर्सिका, अल्जीरिया, ट्युनिशियाच्या बोटी तिथून सुटतात. पण शेजारच्या तेरास द्यु पोर या मॉलच्या लांबलचक समुद्राभिमुख गच्चीवरून धक्के, बोटी आणि बाहेरचा लाटारोधक बांध स्पष्ट दिसतो. समोरच एकोणिसाव्या शतकातली, ३६५ मीटर लांबीची गोदामांची इमारत आहे. आता तिच्यात दुकानं आहेत, पण विटांच्या त्या भिंती १९१० मध्येही तिथेच होत्या. मुलांना बांध आणि धक्क्यामधलं पाणी दाखवा आणि गोष्ट तिथेच सांगा.

दुसरी जागा मझार्गची युद्धस्मशानभूमी. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी सैन्याच्या तुकड्या मार्सेयला उतरल्या. आज जिथे लोक सायकल चालवतात त्या बोरेली बागेत त्यांचे तंबू पडले होते. लाहोर डिव्हिजनबरोबर आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, कंपन्याही होत्या. गरम कपडे पुरेसे नसताना त्या उत्तरेकडच्या खंदकांत गेल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी न्यूव्ह शापेलच्या लढाईत त्यांनी भयंकर हानी सोसली. मझार्गला पहिल्या महायुद्धातल्या सुमारे दीड हजार जणांच्या स्मृती जपल्या आहेत आणि ज्या हिंदी सैनिकांवर अग्निसंस्कार झाले त्यांच्यासाठी १९२५ मध्ये उभारलेलं स्वतंत्र स्मारक आहे. लुमिनीच्या वाटेवरच हे ठिकाण आहे, त्यामुळे कालांकहून परतताना जाता येतं. आवार नीटनेटकं आणि शांत आहे. नावं वाचत फिरा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरात भारताचा वाणिज्य दूतावास सुरू झाला. पासपोर्ट हरवला तर आता पॅरिस गाठण्याची गरज नाही. पत्ता फोनमध्ये साठवून ठेवा.

खायचं काय

शाकाहारी मंडळींची इथे आबाळ होत नाही, फक्त शब्द माहीत हवेत. ‘साँ व्हियांद, साँ प्वासाँ’, मांस नको, मासे नकोत, असं आधीच सांगा. पानिस मागा: चण्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेल्या चकत्या, म्हणजे आपली पाटवडी तळावी तशा. लेस्ताक या किनाऱ्याच्या वस्तीत त्या कागदी पुड्यात गरमगरम मिळतात आणि उन्हाळ्यात जुन्या बंदरातून तिथे बोटीने जाता येतं. तापेनाद ही ऑलिव्हची चटणी शाकाहारी वाटते, पण तिच्यात अँकोव्ही मासा असतो. पिस्तूचं म्हणजे तुळस-लसणाच्या वाटणाचं सूप, रातातुय ही मिश्र भाजी आणि साधा चीज पिझ्झा निर्धास्त खा. कुसकुसमध्ये भाज्या असल्या तरी रस्सा बहुधा मांसाचा असतो, विचारून घ्या.

मासे खाणाऱ्यांनी बुयाबेस एकदा तरी खावं. खडकाळ किनाऱ्यावरच्या माशांचा केशर घातलेला रस्सा आधी येतो, मग मासे वेगळे. बरोबर रुई नावाची लसूण-मिरचीची चटणी लावलेले टोस्ट. खरं बुयाबेस महाग असतं, माणशी पन्नास-साठ युरोंच्या खाली सहसा मिळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं. बंदरावर पंधरा युरोंत त्या नावाने मिळेल ते साधं माशांचं सूप समजून खा. जेवणाच्या वेळा कडक आहेत. दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्रीचं साडेसातपर्यंत उघडत नाही.

भाजी, कोथिंबीर, मिरची, डाळी, मसाले हवे असतील तर बंदराजवळच्या नोआय बाजारात जा. उत्तर आफ्रिकी दुकानांची ही दाट वस्ती क्रॉफर्ड मार्केटच्या ओढीने आलेल्या कुणालाही आवडेल. पाकीट मात्र पुढच्या खिशात ठेवा. फोन हातातून हिसकावण्याचे प्रकार बंदर, मेट्रो आणि या बाजारात होतात. रात्री उशिरा स्टेशनमागच्या सुनसान गल्ल्या टाळा. बाकी शहर मोकळं, बोलकं आहे. दुकानात शिरताच ‘बाँजूर’ म्हणायला विसरू नका, त्याशिवाय संभाषण सुरूच होत नाही.

वेळ उरला तर

पहिली पसंती पाण्याच्या महालाला, म्हणजे पाले लाँशाँला. एकोणिसाव्या शतकात दुष्काळ आणि पटकीने गांजलेल्या शहरात ड्युराँस नदीचं पाणी कालव्याने आणलं गेलं, आणि ते पोचल्याच्या आनंदात हे प्रचंड कारंजं १८६९ मध्ये उभं राहिलं. दुष्काळी भागातल्या माणसाला त्या शिल्पांमधून कोसळणाऱ्या पाण्याचा अर्थ लगेच लागेल.

चंदीगड घडवणाऱ्या ल कॉर्बुझिएची सिते रादियूज ही राहती इमारतही इथेच आहे, १९५२ मध्ये पुरी झालेली, ३३७ घरांची. २०१६ मध्ये चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाबरोबरच ती जागतिक वारसा यादीत गेली. गच्ची पाहता येते. लोक आत राहतात, तेव्हा आवाज हळू.

एक संध्याकाळ कॉर्निशला द्या. समुद्राकाठच्या या रस्त्यावर ८३ क्रमांकाची बस धावते. व्हालों देझोफला उतरा. पुलाच्या कमानींखाली दडलेलं ते चिमुकलं कोळ्यांचं बंदर अजून वापरात आहे.

साबण घरी न्यायचा असेल तर रंगीत, सुवासिक वड्यांना भुलू नका. पारंपरिक मार्सेय साबण हिरवा किंवा पांढरा, चौकोनी ठोकळा असतो, त्यावर ७२ टक्के तेलाचा शिक्का असतो आणि त्यात अत्तर नसतं. विमानाच्या हातातल्या बॅगेत तो नेता येतो.